गाडी तापू न देणारा माणूस

मायबाख हे नाव आपल्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते रील्समध्ये, नाहीतर एखाद्या रॅप गाण्यात. कुणी स्टार कोट्यवधींची गाडी घरी आणतो, बॉनेटवर झेंडूचा हार, नारळ, पेढे, आणि खाली कॉमेंट्समध्ये किमतीवरून वाद. आपण मेबॅक म्हणतो, जर्मनीत मायबाख म्हणतात. हे एका माणसाचं आडनाव आहे. त्याने घडवलेली सगळ्यात गाजलेली गाडी मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीच्या नावाने विकली गेली, हे रील्समध्ये कुणी सांगत नाही.

विल्हेल्म मायबाखबद्दल लिहायचं तर विषय भरपूर आहेत. त्याने कार्ब्युरेटर सुधारला, गिअर बसवले, इंजिन हलकं केलं. मला मात्र त्याची एकच झुंज सांगायचीय, उष्णतेशी झालेली. कारण पहिल्या मोटारगाड्यांचं घोडं अडलं होतं ते ताकदीपाशी कमी आणि तापण्यापाशी जास्त.

पेपरातलं निवेदन

दक्षिण जर्मनीत हाइलब्रॉन नावाचं गाव आहे. तिथे 9 फेब्रुवारी 1846 रोजी एका सुताराच्या घरी विल्हेल्म जन्मला. पाच भाऊ. तो आठ वर्षांचा असताना घर स्टुटगार्टला आलं आणि लवकरच आई गेली. 1856 मध्ये वडीलही गेले. दहा वर्षांचा पोरगा, पाठीशी कुणी नाही. तेव्हा स्टुटगार्टच्या एका वर्तमानपत्रात या अनाथ मुलांसाठी मदतीचं निवेदन छापून आलं.

डेस्कवर अशा चार ओळींच्या निवेदनांचं टायपिंग आम्हा इंटर्न लोकांच्याच वाट्याला येतं, आणि खरं सांगायचं तर जेवायच्या सुट्टीआधी ती कशीबशी उरकली जातात. हे वाचल्यापासून मी ती जरा नीट टाइप करते. कारण त्या निवेदनानंतर रॉयटलिंगेन गावातल्या गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने चालवलेल्या अनाथाश्रमात विल्हेल्मला जागा मिळाली.

हा आश्रम वेगळा होता. नाव ब्रुडरहाउस, म्हणजे बंधुगृह. आश्रमाचा स्वतःचा कारखाना होता आणि मुलं तिथे काम शिकत. विल्हेल्मचा हात चित्रकलेत चांगला आहे हे वेर्नरच्या लक्षात आलं आणि पंधराव्या वर्षी त्याला यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायला बसवलं. दिवसा ड्रॉइंग बोर्ड, संध्याकाळी गावातल्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान. इंजिनिअरिंग कॉलेज त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिलंच नाही.

याच कारखान्यात मॅनेजर म्हणून गॉटलिब डाइमलर आला. वयाने बारा वर्षांनी मोठा, शिकलेला, जगाशी व्यवहार करणारा, चिडका आणि महत्त्वाकांक्षी. विल्हेल्म अबोल. डाइमलरने कल्पना मांडायची आणि विल्हेल्मने ती कागदावर उतरवून चालती करून दाखवायची, अशी जोडी जमली ती डाइमलरच्या मृत्यूपर्यंत. डाइमलर कार्ल्सरुहेला गेला, मागोमाग विल्हेल्म गेला. 1872 मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्झच्या इंजिन कारखान्यात गेला, विल्हेल्म तिथेही. निकोलाउस ऑटोचा हा कारखाना. 1876 मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन इथेच चालू झालं आणि ते विकण्याजोगं करण्याचं डिझाइनचं काम मायबाखच्या हाताखाली झालं. आज आपल्या बाइकमध्ये जे धडधडतं ते याच्याच वंशातलं.

1878 मध्ये त्याचं लग्न झालं. बायको बेर्टा ही डाइमलरच्या बायकोची मैत्रीण. म्हणजे घरीदारी डाइमलरच. पुढे डाइमलरचं ऑटोशी बिनसलं, तो 1882 मध्ये बाहेर पडला आणि स्टुटगार्टला लागून असलेल्या कानश्टाटमध्ये बंगला घेतला. मायबाखही चांगली नोकरी सोडून त्याच्या मागे आला. बंगल्याच्या बागेत काचेचं रोपगृह होतं, त्याचीच वर्कशॉप केली. दिवसरात्र आत ठोकाठोक चालायची आणि कुणाला आत येऊ द्यायचे नाहीत. बागेच्या माळ्याला वाटलं, इथे खोटी नाणी पाडतायत. पोलीस आले, बघतात तर नुसती इंजिनं. ही गोष्ट कानश्टाटमध्ये आजही सांगतात.

सीट पेटली

आता जरा उष्णतेकडे वळू.

पेट्रोलच्या इंजिनात जेवढी उष्णता तयार होते त्यातली आजही ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकं फिरवायच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतीत शिरते. ती तिथून काढली नाही तर तेल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गॅरेजमध्ये यालाच इंजिन सीझ झालं म्हणतात. ऑटोच्या काळातली इंजिनं कारखान्यात एका जागी उभी असायची. मिनिटाला दीडशे-एक फेरे, शेजारी पाण्याची मोठी टाकी. पाणी तापलं तर तापलं, टाकी मोठी घ्या. प्रश्नच नाही.

डाइमलर आणि मायबाखला मात्र इंजिन चाकांवर न्यायचं होतं. त्यासाठी ते लहान आणि हलकं हवं. लहान इंजिनातून ताकद काढायची तर ते भरभर फिरवायला हवं. मायबाखने सिलिंडरच्या डोक्यात एक बारीक नळी बसवली, ती बाहेरून ज्योतीने लालबुंद तापवायची आणि तिच्यामुळे आतलं मिश्रण पेट घ्यायचं. फेरे मिनिटाला सहाशेपर्यंत गेले. चौपट फेरे म्हणजे मिनिटाला चौपट स्फोट, आणि तेही छोट्याशा जागेत. उष्णतेचा प्रश्न इथून सुरू झाला.

1885 मध्ये त्यांनी अर्ध्या हॉर्सपॉवरचं इंजिन लाकडी दुचाकीत बसवलं. इंजिन इतकं लहान होतं की ते हवेवरच गार राहायचं. त्या नोव्हेंबरमध्ये डाइमलरच्या मुलाने ही गाडी कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत, तीनेक किलोमीटर चालवली. वाटेत सीट पेटली. ती लाल तापलेली नळी बरोबर सीटखाली होती ना! जगातल्या पहिल्या मोटारसायकलच्या पहिल्या राइडचा हा तपशील मला तरी जाम आवडला.

त्याच सुमारास शंभरेक किलोमीटरवर मानहाइममध्ये कार्ल बेन्झ आपली तीनचाकी करत होता. त्याच्या गाडीत थंड करायची पद्धत अगदी आपल्या चुलीवरच्या पातेल्यासारखी. सिलिंडरभोवती पाणी, ते उकळायचं, वाफ उडून जायची आणि वाफेबरोबर उष्णताही. काम चोख, पण पाणी संपत राहायचं. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, तो प्रवास तुम्ही कुठेतरी वाचला असेल. शंभराहून जास्त किलोमीटर, आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरत जाणं.

पाण्याचं ओझं

मायबाखला हे पटणारं नव्हतं. पाणी उडून जाऊ द्यायचं नाही, तेच पुन्हा वापरायचं, असा त्याचा विचार. 1889 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची चारचाकी मांडली होती. दोन सायकली शेजारी उभ्या केल्यासारखी दिसणारी, नळ्यांच्या चौकटीची. त्या चौकटीच्या पोकळ नळ्यांतूनच त्याने इंजिनाचं पाणी फिरवलं. म्हणजे गाडीचा सांगाडाच तिचा रेडिएटर! चालताना वारा नळ्यांना लागणार, पाणी निवणार, परत इंजिनात जाणार. दीड-एक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एवढं पुरलं.

पुढच्या वर्षी, 1890 मध्ये, डाइमलरच्या नावाने कंपनी निघाली. पैसेवाले भागीदार आले आणि त्यांनी मायबाखपुढे जो करार ठेवला तो त्याला मान्य होण्यासारखा नव्हता. 1891 च्या सुरुवातीलाच तो बाहेर पडला. डाइमलरचंही भागीदारांशी वाजलंच होतं. त्याने गुपचूप स्वतःचे पैसे घातले आणि कानश्टाटमधल्या बंद पडलेल्या हॉटेल हेरमानच्या हॉलमध्ये मायबाखला वर्कशॉप थाटून दिलं. बारा कामगार, पाच शिकाऊ पोरं. या हॉटेलात त्याने तो कार्ब्युरेटर केला ज्यात पेट्रोल बारीक तोटीतून फवारलं जातं. 1893 चं पेटंट. त्याने इंजिनाचा जोर वाढवता येऊ लागला आणि अर्थातच उष्णताही वाढली. मधल्या काळात त्याने फिरत्या फ्लायव्हीलच्या पोकळ कडेत पाणी खेळवून ते वाऱ्यावर निववायचाही प्रयोग केला. चतुर आहे, पण मोठ्या इंजिनापुढे टिकणारा नव्हे. तिकडे मूळ कंपनीचं मायबाखवाचून काही खरं नव्हतं. 1895 मध्ये तिने डाइमलर आणि मायबाख, दोघांनाही सन्मानाने परत बोलावलं. आता तो तांत्रिक संचालक होता.

या काळात सगळ्याच गाड्यांचं एक विचित्र चक्र झालं होतं. जास्त ताकद हवी म्हणून मोठं इंजिन. मोठ्या इंजिनाला जास्त पाणी. पाण्याचं वजन लिटरला एक किलो, त्यात टाकीचं वजन. वजन वाढलं की पुन्हा जास्त ताकद हवी. काही जणांनी पाण्याचा नादच सोडला. फ्रान्समध्ये द दियों बूतोंच्या तीनचाक्यांची इंजिनं सिलिंडरवर पातळ पत्र्यांसारखे फिन्स काढून हवेवर चालायची, आपल्या कम्यूटर बाइकला असतात तसेच. एका छोट्या सिलिंडरला ते ठीक. चार मोठे सिलिंडर ओळीने उभे केले की मागच्यांना गार हवा कुठून मिळणार? बाकीच्यांनी फिन्स लावलेल्या वेटोळ्या नळ्या गाडीच्या नाकाखाली टांगल्या.

इथे मला आपला चहा आठवतो. घाई असली की आपण कपातला चहा बशीत ओततो. चहा तेवढाच, पण पसरला की त्याला हवा जास्त लागते आणि फुंकर मारली की झटक्यात निवतो. वेटोळी नळी म्हणजे कपातला चहा. नळीच्या कडेचं पाणी निवतं, मधलं तसंच गरम पुढे जातं. मायबाखने हा सगळा प्रकार उलटा केला. 1897 च्या शेवटी त्याने नोंदवलेल्या डिझाइनमध्ये पाण्याची एक चपटी टाकी आहे आणि तिच्यातून आरपार असंख्य बारीक नळ्या गेल्या आहेत. इतर जण नळीत पाणी आणि बाहेर हवा ठेवत. याच्या नळ्यांमधून हवा जाते आणि पाणी नळ्यांच्या मधल्या फटीत असतं. पाण्याला जाड थर धरायला जागाच नाही, जिकडे तिकडे बशी. ही टाकी डाइमलरच्या फिनिक्स गाड्यांना लागली.

गोल नळ्या मात्र शेजारी शेजारी ठेवल्या की मध्ये वेड्यावाकड्या मोकळ्या जागा राहतात. संत्र्यांची रास डोळ्यांसमोर आणा. त्या जागांत पाणी साचून राहतं आणि वजन वाढवतं. हे त्याच्या डोक्यात असणारच, पण सुटका लगेच झाली नाही.

8,070 नळ्या

1900 चा मार्च महिना मायबाखसाठी वाईट गेला. 6 तारखेला गॉटलिब डाइमलर वारला. पस्तीस वर्षांची सोबत संपली. आणि महिना संपता संपता फ्रान्समधल्या नीस शहराजवळ ला तुर्बीच्या घाट-शर्यतीत डाइमलर कंपनीची फिनिक्स गाडी पहिल्याच वळणावर दगडी भिंतीवर आदळली. तिचा चालक विल्हेल्म बाउअर त्यात गेला. गाडीत दोष होता हे सगळ्यांना दिसत होतं. उंच, आखूड, आणि जड इंजिनामुळे नाकाशी ओझं. सरळ रस्त्यावर दामटायला ठीक, वळणावर धोक्याची. कंपनीत शर्यतींचा नाद सोडून द्यावा असा विचार सुरू झाला.

आडवा आला एमिल येलिनेक. नीसमध्ये राहणारा ऑस्ट्रियन व्यापारी, श्रीमंतांना डाइमलरच्या गाड्या विकायचा, शर्यतीत आपल्या मुलीचं नाव टोपणनाव म्हणून लावायचा. फार बोलणारा, पत्रांचा भडिमार करणारा गिऱ्हाईक. त्याचं म्हणणं उलटं होतं, शर्यत सोडू नका, गाडी बदला. लांब, रुंद, बुटकी आणि हलकी गाडी करा, ताकदही जास्त द्या. आणि त्याने तोंडाची वाफ न दवडता एकदम 36 गाड्यांची ऑर्डर दिली, साडेपाच लाख मार्कांची. बदल्यात गाडीला आपल्या मुलीचं नाव हवं, ही अट. मुलीचं नाव मर्सिडीज.

बाउअरच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत मायबाखने ती गाडी कागदावरून रस्त्यावर आणली. वय 54. 5.9 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, हजाराच्या आसपास फेऱ्यांना 35 हॉर्सपॉवर. चौकट दाबलेल्या पोलादी पत्र्याची, क्रँककेस ॲल्युमिनियमचं. पण हे सगळं कुठे येऊन थांबत होतं? परत तिथेच. 35 हॉर्सपॉवरची उष्णता काढायला जुन्या पद्धतीने पाणी भरायचं तर नाक पुन्हा जड आणि उंच होणार. म्हणजे बाउअरचीच गाडी पुन्हा. बुटकी, हलकी गाडी हवी असेल तर कमी पाण्यात जास्त उष्णता घालवणं भागच होतं.

त्याने गोल नळ्या काढल्या आणि चौकोनी घेतल्या. सहा मिलिमीटर बाय सहा मिलिमीटर. अशा 8,070 नळ्या, एकीला एक लागून, टोकं डाख देऊन जोडलेली. चौकोन शेजारी शेजारी ठेवले की मधली फट सगळीकडे सारखी आणि केसाएवढी बारीक ठेवता येते. त्या फटीतून पाणी पातळ पडद्यासारखं उतरतं. सगळं मिळून पाणी लागलं सुमारे 9 लिटर, आधीच्या निम्मं. समोरून बघितलं तर मधाचं पोळं, म्हणून त्याला पोळ्याचा रेडिएटर असंच नाव पडलं.

मी जरा हिशेब केला. सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळीचा परीघ 24 मिलिमीटर. गुणिले 8,070. म्हणजे रेडिएटरच्या खोलीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे हवेला घासणारा पत्रा जवळपास दोन चौरस मीटर! आणि समोरून हवेला आत शिरायला जागा किती? सगळ्या नळ्यांची तोंडं एकत्र केली तरी चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी कमीच. एवढ्याशा चौकटीत एवढा पत्रा. ओळखीच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मला एकदा कापलेला जुना रेडिएटर हातात दिला होता, तो बोटांनी चेपता येईल इतका नाजूक होता. मायबाखच्या कारागिरांनी तर हजारो डाख हाताने दिले असणार. एक सुटला तरी गळती.

अजून एक अडचण होती आणि ती आपल्याकडे प्रत्येकाला माहीत आहे. घाट. जुन्या काळी खंडाळ्यात किंवा खंबाटकीत रस्त्याकडेला बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या आपल्या आईबाबांनी भरपूर पाहिल्यात. गाडी घाटातच का तापते? कारण इंजिन पूर्ण जोर लावत असतं, पण गाडी हळू चालते, त्यामुळे समोरून वारा येत नाही. उष्णता सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात कमी, दोन्ही एकाच वेळी. नीसच्या मागचे डोंगर म्हणजे नेमकं हेच, आणि शर्यती तिथेच. म्हणून मायबाखने रेडिएटरच्या मागे पंखा ठेवला. गाडी रांगत असली तरी पंखा नळ्यांतून हवा ओढत राहणार. गेमिंग लॅपटॉप गादीवर ठेवला की तो का गुरगुरतो हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. पंखा असून उपयोग नाही, हवेला वाट लागते.

आणि ती वाट त्याने गाडीच्या तोंडावरच दिली. रेडिएटर लपवला नाही, कुठे खाली टांगला नाही. इंजिनापुढे उभा केला आणि बॉनेट त्याला जोडून मागे नेलं. मोटारीला चेहरा मिळाला तो असा. ग्रिल म्हणून आपण जे चकचकीत पाहतो त्याचं मूळ या पत्र्याच्या पोळ्यात आहे.

22 डिसेंबर 1900 ला पहिली गाडी येलिनेकच्या हाती गेली. फेब्रुवारीत पाऊच्या शर्यतीत तिची फजिती झाली, तोवर नव्या गाडीचे दोष निघायचे होते. पण मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींच्या आठवड्यात या गाड्यांनी मैदान मारलं. 392 किलोमीटरची लांब शर्यत जिंकली आणि ला तुर्बीचा घाटही जिंकला. तोच घाट, बाउअरचा. एका वर्षाच्या अंतराने.

पुढच्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या कारखान्यांनी अशीच रचना उचलली. पुढे इंजिन, त्यापुढे पोळ्याचा रेडिएटर, मागे पंखा. सगळे वळले असं मात्र नाही. रेनो कितीतरी वर्षं रेडिएटर इंजिनाच्या मागे ठेवत राहिली, अमेरिकेत फ्रँकलिन कंपनीने तर 1902 पासून शेवटपर्यंत हवेवरच गाड्या चालवल्या. पण ज्या वाटेने मोटार पुढे गेली ती मायबाखची.

नाव कुणाचं

फ्रान्समधले लोक त्याला रचनाकारांचा राजा म्हणू लागले. गाडीचं नाव होतं मर्सिडीज. कंपनीचं नाव डाइमलर. येलिनेकने तर 1903 मध्ये स्वतःचं आडनावच येलिनेक-मर्सिडीज करून घेतलं. या सगळ्यात मायबाख हे नाव गाडीवर कुठेच नव्हतं, आणि त्याने त्याबद्दल आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. मला हे वाचताना राग आला, त्याला आला असेल की नाही कोण जाणे.

डाइमलर गेल्यावर कंपनीत त्याची बाजू घेणारं कुणी राहिलं नव्हतं. तो आजारी पडला, मधल्या काळात डिझाइनचं मुख्य काम दुसऱ्यांकडे गेलं आणि त्याच्यासाठी संशोधनाचं म्हणून एक वेगळं ऑफिस काढलं गेलं. ऑफिसच्या राजकारणात असं ऑफिस म्हणजे काय हे नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. तिथे बसूनही त्याने 1906 मध्ये रेसिंगसाठी सहा सिलिंडरचं जबरदस्त इंजिन आखलं. 1907 मध्ये त्याने कंपनी सोडली, 61 व्या वर्षी. हॉटेल हेरमानमधून परत बोलावणारी कंपनी हीच.

1908 च्या ऑगस्टमध्ये काउंट झेपेलिनचं महाकाय विमानजहाज इंजिनाने दगा दिल्यामुळे एश्टरडिंगेनजवळ उतरवावं लागलं आणि तिथे वादळात सापडून जळून गेलं. देशभरातून वर्गणी जमून काउंट पुन्हा उभा राहिला. मायबाखने त्याला पत्र घातलं. आपला मुलगा कार्ल हवेतल्या प्रवासासाठी भरवशाचं इंजिन करू शकेल, असा प्रस्ताव. 1909 मध्ये झेपेलिनच्या भागीदारीत इंजिनांची कंपनी निघाली, नंतर ती फ्रीडरिक्सहाफेनला गेली. कारभार कार्लकडे, बाप सल्लागार. 1916 मध्ये स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने विल्हेल्म मायबाखला मानद डॉक्टरेट दिली. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. तहानुसार विमानांची इंजिनं करायला बंदी आली. कारखाना रिकामा ठेवायचा कसा, म्हणून कार्ल गाड्यांकडे वळला आणि 1921 मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात त्याने आपली आलिशान गाडी मांडली. तिच्या नाकावर दोन एम होते. विल्हेल्म तेव्हा 75 वर्षांचा होता. मोटारगाडीवर मायबाख हे नाव लागलं ते तेव्हा, पहिल्यांदा.

या नावाच्या गाड्या 1941 पर्यंत बनत राहिल्या. मग नाव झोपलं, 2002 मध्ये मर्सिडीजवाल्यांनीच ते उठवलं, आणि आता ते मर्सिडीज-मायबाख असं जोडून लिहिलं जातं. येलिनेकची मुलगी आणि सुताराचा मुलगा एकाच बॉनेटवर. मर्सिडीजचा आपल्याकडचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, त्यामुळे हे जोडनाव आपल्याला परकं राहिलेलं नाही.

29 डिसेंबर 1929 ला विल्हेल्म मायबाख स्टुटगार्टमध्ये वारला. कानश्टाटच्या जुन्या उफ-कब्रस्तानात त्याला पुरलं. गॉटलिब डाइमलरची कबरही तिथेच आहे.